आठ लांडगे, एक पाळी

इंदूरच्या पलासियातल्या आमच्या रविवारच्या खेळात ड्रुइडची, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्याची, पाळी आली की बाकीचे पाय मोकळे करायला उठतात. मागे एकजण छप्पन दुकानवर जाऊन सगळ्यांसाठी खोपरा पॅटिस घेऊन आला, तरी आठ लांडग्यांतला सहावा चावायचाच होता. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, नियम 2014चे, मंत्र प्राणी बोलावण्याचा, ‘कन्जुअर ॲनिमल्स’.

लांडग्याचा एक चावा सरासरी 7चा. आठही लागले तर 56. ड्रुइडइतक्याच, पाचव्या लेव्हलचा योद्धा दोन्ही हातांची तलवार दोनदा हाणतो आणि साधारण 22वर थांबतो. वर, सोबती शत्रूच्या शेजारी असला की लांडग्याला दोन फासे टाकून मोठा धरता येतो. म्हणजे एका पाळीत नुसता नेम साधायला सोळा फासे. योद्धा कुरकुरतो, ते उगाच नाही.

मात्र ड्रुइडचीही बाजू आहे, आणि ती लंगडी नाही. या लेव्हलला एवढ्या ताकदीचे मंत्र त्याला दिवसात दोनच; त्यातला एक तो इथे घालवतो. त्याची एकाग्रता मोडली की कळप गायब. लांडग्याचा जीव 11, शत्रूच्या ‘फायरबॉल’ मंत्राचा फटका सरासरी 28. अंग चोरलं तरी निम्मा बसतोच. पॅटिस थंड व्हायच्या आत आठही आडवे.

महाभारताच्या आदिपर्वातही हे भांडण आहे. कुंतीकडून मिळालेल्या मंत्राने माद्रीने अश्विनीकुमारांना बोलावलं आणि एका आवाहनात जुळी मुलं मिळवली. पंडूने तिच्यासाठी पुन्हा रदबदली केली, तेव्हा ‘मी फसवली गेले’ म्हणून कुंतीने साफ नकार दिला. माद्रीने नियम मोडला नव्हता. कुंतीचा रागही खोटा म्हणवत नाही.

2024च्या नियमांत हा कळप म्हणजे एक अमूर्त छाया झाला: जवळ येणाऱ्या शत्रूला चुकवता आलं नाही तर दहा बाजूंचे तीन फासे, हिशेब संपला. वेळ वाचतो, हे खरं. दुसरीकडे, त्या छायेतला एक लांडगा भुयारात पुढे धाडता येत नाही, दुसरा दाराशी बसवता येत नाही. मग बोलावलं तरी कुणाला?

मला 2020च्या ‘टॅशाज कॉल्ड्रन’ या पुस्तकातली वाट बरी वाटते: ‘समन बीस्ट’, एकच प्राणी, मालकाच्या पाळीनंतर लगेच त्याची पाळी, आणि मंत्र वरच्या लेव्हलने टाकला की तोही बळकट. यात घेराव घालण्याची मजा जाते, हे मान्य. पण ताकद आकडे बदलून कमी-जास्त करता येते; पाचजणांची दुपार मात्र एकाच्या फाशांखाली जाते. लढाई नसेल तेव्हा, माग काढायला किंवा रात्री पहाऱ्याला, आठ लांडगे आणायला माझी ना नाही. ड्रुइडला हे अर्धंच पटलंय. टेबलावर लांडगे म्हणून मांडलेली आठ बुचं त्याने अजून उचललेली नाहीत.