होल लांब म्हणून चांगला?

गोल्फच्या होलची प्रत ठरवताना तीन कसोट्या हटकून लावल्या जातात: होल लांब असावा, अवघड असावा आणि न्याय्य असावा, म्हणजे चांगल्या फटक्याला नेहमी चांगलेच फळ मिळावे. तिन्ही वरवर रास्त वाटतात. तिन्ही फसव्या आहेत.

आधी लांबी. आजचा चेंडू पूर्वीपेक्षा दूर जातो, तेव्हा टी मागे न्यायला हवी, असे म्हणतात. त्यात तथ्य आहेच. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा सतरावा होल २०१०च्या ओपन स्पर्धेसाठी ४५५ यार्डांवरून ४९५ यार्डांवर नेला. पण तो थोर ठरला होता त्याच्या कितीतरी आधी. टी मागे नेऊन फक्त त्याचे जुने कोडे टिकवले. उलट रॉयल ट्रूनचा आठवा होल जेमतेम १२३ यार्डांचा आणि ऑगस्टाचा बारावा १५५ यार्डांचा. याच बाराव्यावर २०१६ मध्ये तिथल्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथने दोनदा चेंडू पाण्यात घातला आणि पार तीनच्या होलवर सात फटके घेतले. लांबी कुठे आडवी आली होती?

अवघडपणाचे म्हणाल, तर त्याला प्रतिभा लागत नाही. फेअरवे अरुंद करा, गवत वाढू द्या, दोन्ही अंगांना पाणी ठेवा, काम झाले. मग खेळाडूला ठरवायचे काही उरत नाही: सरळ मारा, नाहीतर दंड भरा. नवखा चेंडू हरवत बसतो, कसलेला कंटाळतो.

न्याय्यतेचा आग्रह तर खेळाच्या मुळावरच येतो. ओल्ड कोर्सवर कित्येक बंकर टीवरून दिसत नाहीत, उंचवटे चेंडूला भलतीकडे वळवतात. बॉबी जोन्स १९२१ मध्ये इथल्या अकराव्या होलवर वैतागून स्पर्धाच सोडून गेला. पुढे १९२७ मध्ये त्याने इथेच ओपन जिंकली आणि ॲलिस्टर मॅकेन्झीबरोबर ऑगस्टा आखताना याच मैदानाचे धडे गिरवले. नशीब वर्ज्य करायचे, तर वारा आणि उंचसखल जमीनही वर्ज्य करावी लागेल.

मग कसोटी कोणती? टीवर उभ्या खेळाडूपुढे खरा पर्याय आहे का, आणि प्रत्येक पर्यायाला आपापली किंमत आहे का. ओल्ड कोर्सच्या सतराव्यावर उजवीकडून, लगतच्या हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारणाऱ्याला हद्दीबाहेर जाण्याचा धोका. पण साधले तर ग्रीन मोकळे दिसते. डावीकडून सुरक्षित जाणाऱ्याच्या वाटेत रोड बंकर येतो आणि ग्रीनपलीकडे रस्ता नि दगडी भिंत वाट पाहत असते. रिव्हिएराच्या दहाव्याची लांबी ३१५ यार्ड, पण पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठायचे की डावीकडे थांबून कोन साधायचा, हा पेच व्यावसायिकांनाही सुटता सुटत नाही.

आक्षेप येईल की ओल्ड कोर्ससारखे रुंद मैदान आज सहज लुटले जाते. २०२२ मध्ये कॅमेरॉन स्मिथने तिथे पारपेक्षा २० फटके कमी घेऊन ओपन जिंकली. पण त्याच शेवटच्या फेरीत सतराव्यावर त्याच्या आणि झेंड्याच्या मध्ये रोड बंकर आला. त्याने पटर घेतला, बंकरला वळसा घालून चेंडू जमिनीवरून चढवला आणि पार वाचवला. एका फटक्याने मिळालेल्या विजयात तो पार किती मोलाचा! कमी फटके म्हणजे होल दुबळा, असे नव्हे. अडचणीतून सुटण्याच्या एकापेक्षा अधिक वाटा ठेवणे, ही होलची ताकदच आहे.

म्हणून होल जोखताना फूटपट्टी खिशातच राहू द्या. वेगवेगळ्या ताकदीच्या चौघांना खेळवा. चौघांनी चार वाटा धरल्या, उद्या वारा फिरल्यावर त्या वाटाही बदलल्या आणि सर्वांत दुबळ्यालाही शेवटपर्यंत जाता आले, तर होल चांगला. नव्या टीसाठी पैसा ओतण्याआधी मैदानाच्या समितीने हा प्रयोग करावा. फेअरवेचे गवत कुठवर कापायचे आणि बंकर कुठे ठेवायचा, एवढा विचार बहुतेक वेळा लांबीपेक्षा स्वस्तात आणि जास्त काम करतो.