सांडपाणी आणि शेजारधर्म

पाणी घरांत येतें तेव्हां त्याचें कौतुक होतें. तें घराबाहेर पडतें तेव्हां त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. इ. स. २०१९ सालीं जलजीवन मिशन सुरू झालें आणि खेड्यांतील प्रत्येक घरास नळानें माणशीं रोज निदान ५५ लिटर पाणी देण्याचें ध्येय ठरलें. जेथें नळ आला तेथें आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वापरलेलें पाणी जातें कोठें, हा प्रश्न आमच्या मतें अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाहीं.

विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. एक हजार वस्तीच्या गांवांत या मानानें रोज ५५,००० लिटर पाणी येईल. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश भाग न्हाणी, मोरी व धुण्याचा दगड यांवरून सांडपाणी होऊन बाहेर पडतो. म्हणजे रोज ३६,००० लिटरांहून अधिक!

पुष्कळांस वाटतें कीं, गटार बांधलें म्हणजे काम झालें. आम्हांस तसें वाटत नाहीं. गटार पाणी शुद्ध करीत नाहीं. तें घाण एका दारापासून दुसऱ्या दारीं नेतें, इतकेंच. पाणी उताराकडे धांवतें, आणि उताराच्या टोकाशीं पुष्कळदां गरिबांचीं घरें असतात. वरच्या आळीचें अंगण कोरडें होतें, पण खालच्या वस्तींतलें मूल त्याच पाण्याच्या डबक्याकांठीं खेळतें. अशा घाण पाण्यांत क्युलेक्स जातीचे डांस वाढतात व त्यांच्या दंशानें हत्तीरोग पसरतो. आपली घाण शेजाऱ्याच्या दारीं लोटणें, यास स्वच्छता म्हणावें काय?

म्हणून ज्याचें पाणी त्यानें आपल्याच दारीं जिरवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. साधन सोपें आहे. सुमारें चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणावा, त्यांत वरच्या बाजूस भोकें पाडलेली सिमेंटची टाकी बसवावी आणि तिच्या भोंवतीं दगडगोटे भरावे. गाळ टाकीच्या तळाशीं बसतो, पाणी भोकांवाटे दगडांत शिरतें, आणि मातींतील सूक्ष्म जंतु अन्नाच्या कणांचा फडशा पाडतात. नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघरीं असे शोषखड्डे केले. डबकीं गेलीं, त्यांबरोबर डांसही गेले. पुढें जिल्ह्यांतील अनेक गांवांनीं तोच कित्ता गिरविला.

तथापि कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. शौचकूपाचें पाणी त्यांत कदापि सोडूं नये. त्यासाठीं दोन खड्ड्यांचें निराळें शौचकूप हवें. काळ्या चिकण जमिनींत पाणी लवकर जिरत नाहीं. तेथें तें परसांतील केळीला द्यावें, अथवा सर्वांनीं मिळून गांवाबाहेर एकापुढें एक तळीं करावीं, म्हणजे ऊन, शेवाळ व जंतु यांच्या योगानें तें क्रमाक्रमानें निवळतें.

कोणी म्हणतील, हें काम सरकारचें आहे. इ. स. २०२० मध्यें स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा ठरला तेव्हां ग्रामीण सांडपाण्याच्या व्यवस्थेचा त्यांत समावेश झाला, हें खरें. परंतु सरकार खड्ड्यास पैसे देईल. टाकींतील गाळ वरचेवर काढावयास घरचाच हात लागतो. तो आळसावला कीं खड्डा तुंबतो आणि पाणी पुन्हां शेजाऱ्याच्या दारीं जातें. गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) गांवोगांव प्रथम स्वतः झाडू हातीं धरला, तो कांहीं उगाच नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत घरीं जाल तेव्हां आपल्या मोरीचें पाणी कोणाच्या दारीं थांबतें, तें त्याच्यामागें चालत जाऊन पाहा. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें परत येऊन तें सांगितलें म्हणजे त्याच्यावर रागावूं नये. त्याच्याबरोबर कुदळ घ्यावी. सर्वांत खालच्या घराचें अंगण कोरडें दिसेल, तेव्हांच आपलें गांव स्वच्छ झालें असें समजावें.