फोटो एक, मते दोन

भगिनींनो, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो. फोटो यंत्र काढते, पण तो वाचतो माणूस. अमेरिकेत १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५० स्त्रियांचे तेच फोटो १० तज्ज्ञांना दाखविले होते. कित्येक फोटोंवर त्यांचे एकमत झाले नाही. एकाला पुढील तपासणी हवी वाटली, दुसऱ्याला नाही. इथे प्रश्न बाईच्या जिवाचा असतो.

उपाय आहे तो शिक्षणाचाच. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने 'बायरॅड्स' ही पद्धत घालून दिली. तीत ० ते ६ असे वर्ग आहेत. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. ४ किंवा ५ म्हणजे तुकडा काढून तपासा. ब्रिटनच्या सरकारी योजनेत एकच फोटो दोघे जण स्वतंत्रपणे वाचतात. शिवाय निदान आधीच ठाऊक असलेल्या फोटोंवर या वाचणाऱ्यांची परीक्षा घेतात आणि कोण कुठे चुकले ते त्यांना दाखवितात. तज्ज्ञांनीही परीक्षा द्यावी, यात कमीपणा कसला?

आपण काय करावे? जुने फोटो जपून ठेवा. नव्याशी ताडून पाहिले की बदल कळतो. अहवालात कोणता वर्ग लिहिला ते विचारा. हाताला गाठ लागत असेल तर फोटो चांगला आला तरी स्वस्थ बसू नका. कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. दवाखान्यातही ते विसरू नका.

जयभीम!