सोळा वर्षांचा बाप

आमच्या गावच्या वाचनालयात टीनएजर मुलांसाठी वेगळा कोपरा आहे. चौतिशीतल्या माणसाचं तिथे काय काम? पण सात महिन्यांची लेक बाबागाडीत नेमकी तिथेच झोपली. गाडी थांबवली की थोड्या वेळाने उठते, म्हणून एका हाताने गाडी हलवत दुसऱ्या हाताने समोरचं सगळ्यात पातळ पुस्तक ओढलं.

अँजेला जॉन्सनचं 'द फर्स्ट पार्ट लास्ट'. २००३ साली आलेलं, २००४ साली प्रिंट्झ पुरस्कार मिळालेलं. न्यूयॉर्कमधला बॉबी १६ वर्षांचा. त्याची मैत्रीण निया गरोदर राहते. बाळ दत्तक द्यायचं ठरत आलेलं असतं. पण निया बेशुद्धीत जाते ती परत येत नाही. बॉबी दत्तकाचा बेत मोडतो आणि लेकीला, फेदरला, घरी आणतो.

लेखिकेने त्याला हिरो केलेलं नाही, हे मला फार आवडलं. तो रात्ररात्र जागतो, वैतागतो. एक दिवस शाळा बुडवून भिंत रंगवत बसतो आणि पोलिसांच्या हाती लागतो. तरी बाप तोच!

खटकली ती त्याची आई. नातीवर जीव आहे, पण रात्री उठायचं बॉबीनेच. तुझं बाळ, तू बघ. पहिल्यांदा मला ती चक्क दुष्ट वाटली. पोर दमलंय हो, घ्या की जरा!

मग आमचं घर आठवलं. लेक झाली तेव्हा आई सहा महिने इथे होती. बाळ रडलं की मी उठायच्या आत ती हजर. "झोप रे तू, उद्या ऑफिस आहे तुला." मीही शहाण्यासारखा झोपायचो. गेल्या महिन्यात आई परत गेली. त्या रात्री लेक रडायला लागली आणि बायको तापाने फणफणलेली. दुधाची बाटली कुठे असते इथपासून माझी सुरुवात. डॉक्टरेट वगैरे सगळं जागच्या जागी!

आईला दोष देत नाही. तिने मायेनेच केलं. पण त्या मायेत माझं बाप होणं सहा महिने लांबलं, आणि मला ते सोयीचं होतं.

आपल्या गोष्टींत तरी अशा वेळी बाप कुठे असतो? कर्णाला नदीत सोडल्याचा जाब आपण कुंतीलाच विचारतो. सूर्य आपला रोज वेळेवर उगवतो.

असली पुस्तकं वाचून मुलं बिघडतील, असं कोणी म्हणेल. मला नाही वाटत. बॉबीच्या जागरणाचं वर्णन वाचून कुठल्याही मुलाला बाप व्हायची घाई होणार नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये मॅलरी ब्लॅकमनने 'बॉइज डोन्ट क्राय' लिहिलं. त्यातला १७ वर्षांचा डांटे परीक्षेच्या निकालाची वाट बघत असतो आणि जुनी मैत्रीण त्याच्याकडे बाळ सोडून जाते. मुलींना आपण 'जपून राहा' लहानपणापासून ऐकवतो. मुलांनाही सांगायला हवं, आणि ते अशा गोष्टींतून बरं पोचतं.

मराठीत असं पुस्तक कोणी लिहिलं, तर पहिली प्रत मी घेईन.

तूर्तास थांबतो. लेक उठलीये, आणि आज पाळी माझी आहे.