हजला जाताना कर्ज फेडायचं, आल्यावर परत काढायचं?

हाजी परतायला लागले की आपल्या सोलापुरात विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत फ्लेक्स लागतात. स्टेशनवर हार, गळाभेटी, मग गाड्यांची रांग आणि दोन-चार दिवसांत दावत. आनंद आहेच, नाही कोण म्हणतंय?

पण ओळखीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरची गोष्ट ऐका. वडिलांनी आयुष्यभराची पुंजी लावून हज केला. आल्यावर पाचशे माणसांची दावत. पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाई, व्याजानं पैसे उचललेत. दावत केली नसती तर लोक काय म्हणाले असते?"

व्याजानं! हजची दावत आणि सुदाच्या पैशातनं!

मित्रांनो, हज फर्ज आहे तो ऐपत असणाऱ्यावरच. कुराणातच तसं आहे. निघण्याआधी देणी फेडायची, लोकांची माफी मागायची, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही माहितीय. मग आल्यावर पहिलं काम कर्ज काढायचं?

सगळ्या दावतींना बिदअत म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पैगंबरसाहेब मदिनेला परतले तेव्हा जनावर कापून लोकांना खाऊ घातलं, ही हदीस बुखारीत आहे. रिवाज शरियतच्या आड येत नसेल तर फिकह त्याला मान्यता देतं. शेजारच्या घरात काशीहून आल्यावर मावंदं घालतात. तिकडं इंडोनेशियात बुगिस लोकांत हाजीची खास टोपी असते, मान असतो. माणूस लांबून सुखरूप आला की चार घास खाऊ घालणारच.

आड येतं ते इसराफ, रिया आणि सूद. म्हणजे उधळपट्टी, दिखावा, व्याज. आपल्या दावतीत आता तिन्ही एका ताटात वाढले जातात.

२०१८ ला हजचं सरकारी अनुदान बंद झालं. तेव्हा आपणच छाती ठोकून म्हणालो, बरं झालं, हज स्वतःच्या पैशानंच करायचा असतो. मग दावत सावकाराच्या पैशानं कशी चालते?

जमातीच्या जबाबदार लोकांनी, इमामसाहेबांनी जुम्याला एकदा स्पष्ट बोलावं. आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनीच आधी साधेपणा दाखवावा. गरीब त्यांच्याकडं बघूनच कर्जात उतरतो.

हाजीसाहेबांच्या घरी जा, घोटभर जमजम प्या, खजूर खा, दुआ घ्या. बिर्याणी नाही मिळाली तर नाव ठेवू नका. एवढं जमेल ना?