बॅटच्या मुठीतला सेन्सर आणि परभणीचे मैदान

परभणी : मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता दिली. त्यातील क्रिकेटच्या पुनरागमनाचा आपल्याकडे स्वाभाविकच मोठा गाजावाजा झाला. त्याच निर्णयाने बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांनाही ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडले, याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. वास्तविक हे दोन्ही खेळ महाराष्ट्राला नवखे नाहीत. शालेय क्रीडा स्पर्धांत आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत ते वर्षानुवर्षे खेळले जात आहेत. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेथील विद्यार्थ्यांनाही आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हा मार्ग खुला आहे.

दरम्यान, जगात हा खेळ शिकविण्याची पद्धतच बदलून गेली आहे. बॅटच्या मुठीवर किंवा खेळाडूच्या बाहीत बसणारा बोटभर सेन्सर आज अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या सरावाचा भाग झाला आहे. हे तंत्र परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या मैदानावर आले, तर त्याने नेमके काय साधेल? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

पाव सेकंदाचा निर्णय

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर सुमारे साडेअठरा मीटर असते. ताशी १४५ किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. बॅट फिरविण्यास त्यातील सुमारे ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू ओळखून मारायचा की सोडायचा, हे ठरविण्यास उरतो तो जेमतेम पाव सेकंद. बॅट फिरविण्याचा काळ जितका कमी, तितका विचाराला अवधी अधिक. या खेळात ‘स्विंग’ला, म्हणजे बॅट फिरविण्याच्या शैलीला, एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

ही क्रिया इतकी जलद घडते की अनुभवी प्रशिक्षकाच्या डोळ्यालाही ती पूर्णपणे टिपता येत नाही. सेन्सरचे काम येथे सुरू होते. त्याच्या आत वेगातील बदल मोजणारा आणि फिरण्याची गती मोजणारा असे दोन सूक्ष्म घटक असतात. मोबाईल आडवा धरला की पडद्यावरील चित्र फिरते, ते याच जातीच्या घटकांमुळे. बॅटचा वेग, चेंडूला भिडेपर्यंत लागलेला वेळ आणि बॅट चेंडूकडे कोणत्या कोनातून आली, हे आकडे प्रत्येक फटक्यानंतर बिनतारी मार्गाने मोबाईलवर उमटतात. बाहीत बसविलेले सेन्सर कोपरावर पडणारा ताणही मोजतात. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०१६ मध्ये अशी काही अंगावर घालण्याची उपकरणे खेळाडूंना वापरण्यास परवानगी दिली.

आकडा काय सांगत नाही

मात्र आकड्यांच्या मोहात पडणाऱ्यांनी अमेरिकेतील एक उदाहरण ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल. मेजर लीगने मे २०२४ पासून प्रत्येक फलंदाजाच्या बॅटचा वेग जाहीर करण्यास आरंभ केला. ही मोजणी मैदानाभोवतीच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांनी होते. तेथील सरासरी वेग ताशी सुमारे ११५ किलोमीटर असल्याचे दिसले. जियानकार्लो स्टँटन हा ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने बॅट फिरवून सर्वांच्या पुढे होता. यादीच्या तळाशी, ताशी सुमारे १०० किलोमीटरवर, लुईस अराएझ होता. परंतु हाच अराएझ २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे, तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळताना, आपापल्या लीगमधील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मानकरी ठरला.

वेगवान बॅट चेंडू लांब धाडते, हे खरेच. परंतु चेंडू ओळखण्याची नजर आणि तो बॅटच्या मध्यावर घेण्याचे कसब मुठीवरच्या सेन्सरला मोजता येत नाही. म्हणूनच आकड्याचा अर्थ लावणारा जाणकार शेजारी नसेल, तर हे उपकरण उपकारक ठरण्याऐवजी दिशाभूल करण्याची शक्यता अधिक.

मोजमापाने उघडलेली दारे

मोजमापामुळे संधी मिळू शकते, याचे उदाहरणही भारतातच आहे. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनी पूर्वी बेसबॉल हाती धरला नव्हता. वेग मोजणाऱ्या ‘रडार गन’ने त्यांच्या फेकीचा कस लावला आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले. कोणत्या गावचा, कोणाच्या ओळखीचा, हे यंत्राने विचारले नाही.

क्रिकेटमध्येही हे तंत्र आले आहे. इंग्लंडमधील २०१७ च्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत ‘स्पेक्युलर’ या भारतीय कंपनीचा सेन्सर काही फलंदाजांच्या बॅटच्या मुठीवर बसविण्यात आला होता. अनिल कुंबळे यांच्या ‘स्पेक्टाकॉम’ने २०१८ मध्ये बॅटच्या खांद्यावर चिकटविता येणारा सेन्सर मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने पुढे आणला. अर्थात, हे प्रयोग मोठ्या स्पर्धांच्या आणि प्रक्षेपणाच्या वर्तुळात झाले. जिल्ह्याच्या मैदानाची गरज त्याहून वेगळी आहे.

आडात नाही तर…

परभणीला सेन्सर हा शब्द परका नाही. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने डिजिटल शेतीचा प्रकल्प राबविला गेला. यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रे हे त्याचे विषय होते. जमिनीतील ओलावा यंत्राने मोजता येतो हे येथील शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण विहिरीला पाणी नसेल तर ओलाव्याचा आकडा पाहून करायचे काय, हेही त्याला तितकेच ठाऊक आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

क्रीडाक्षेत्राची स्थिती याहून निराळी नाही. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांच्या शाळांत एकाच क्रीडाशिक्षकाकडून अनेक खेळांची अपेक्षा केली जाते. शास्त्रीय प्रशिक्षणाची साधने पुण्याच्या बालेवाडीत एकवटलेली आहेत. मराठवाड्याने मागितलेले क्रीडा विद्यापीठही २०२० च्या कायद्याने पुण्याकडेच गेले. मेजर लीगने २०१९ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले, तरी शालेय उपक्रमांचा ओघ प्रामुख्याने महानगरांकडेच राहिला. या स्थितीत एखाद्या सधन पालकाने आपल्या मुलासाठी अमेरिकेत साधारण दीडशे डॉलरना मिळणारा सेन्सर मागविला, तर लाभ त्या एकाच मुलाचा होईल आणि शहर व खेडे यांच्यातील दरी रुंदावेल.

दरी रुंदावण्याचे परिणाम मैदानापुरते राहत नाहीत. लॉस एंजेलिसच्या पुरुष बेसबॉलमध्ये अवघे सहा संघ आहेत. तेथे भारत दिसण्याची आशा आज व्यवहार्य नाही. परभणीच्या खेळाडूसाठी खेळाचे मोल दहावी-बारावीच्या वाढीव गुणांत आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात आहे. संघात निवड होणे वा न होणे याने एखाद्या घराचे भवितव्य बदलू शकते. म्हणूनच निवडीच्या वेळी केवळ बॅटच्या वेगाचा आकडा पुढे ठेवण्याची प्रथा पडली, तर ती घातक ठरेल. चौदा वर्षांच्या मुलाची वाढ अपुरी असते आणि त्याच्या हाती बॅट कोणत्या वजनाची आली यावरही वेग ठरतो. याउलट, त्याच मुलाची वर्षभराची प्रगती नोंदलेली असेल, तर ‘आमच्यावर अन्याय झाला’ या नेहमीच्या तक्रारीला पुराव्याचा आधार तरी मिळेल.

मार्ग सामुदायिक मालकीचा

सेन्सर एका बॅटवरून काढून दुसऱ्या बॅटवर बसविता येतो. त्यामुळे एका संघाला एक-दोन उपकरणे पुरेशी आहेत. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयांच्या क्रीडा विभागाच्या मालकीची ठेवून तालुक्यांत पाळीपाळीने फिरविता येतील. त्याआधीची पायरी तर बिनखर्चाची आहे. अनेक मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारी संथगती चित्रणाची सोय असते. मोबाईल तिवईवर ठेवून घेतलेले चित्रण खांदा लवकर उघडतो की नाही, डोके स्थिर राहते की नाही, हे सेन्सरपेक्षाही स्पष्ट दाखविते. आधी हे चित्रण वाचण्याचे शिक्षण क्रीडाशिक्षकांना द्यावे, मग आकड्यांची भर घालावी, हा क्रम योग्य ठरेल. इंग्रजी अॅपमधील संज्ञांचा अर्थ मराठीत समजावून देणेही त्यातच आले.

एक दक्षता मात्र आरंभीच घ्यावी लागेल. मुलांच्या शरीराची ही माहिती कोणाची? मेजर लीगच्या खेळाडूंनी २०१६ च्या करारात अशी उपकरणे ऐच्छिक राहतील आणि त्यांतील माहितीचा व्यापारी वापर होणार नाही, असे लिहून घेतले. त्यांच्यामागे बलाढ्य संघटना होती. जिल्हा परिषद शाळेतील मुलामागे ती नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. ही संमती केवळ सहीपुरती न राहता, कशासाठी दिली हे पालकाला कळले पाहिजे.

पाव सेकंदाचा निर्णय अखेर खेळाडूलाच घ्यायचा असतो. तो का चुकला, हे दुसऱ्या दिवशी सांगणारा जाणकार शिक्षक तालुक्याच्या मैदानावर उभा राहिला, तर मुठीतल्या सेन्सरला अर्थ येईल. तोवर परभणीच्या मुलांच्या हाती पडेल तो केवळ एक आकडा.