फांदी तुटावी, बोट नव्हे

पावसाळ्याच्या तोंडावर शहरोशहरी फांद्यांची छाटणी सुरू होते. मजूर एका हाताने फांदी धरतो, दुसऱ्याने कोयता चालवतो. बोथट पाते निसटले की घाव धरलेल्या हातावरच बसतो. कंडरा तुटली, तर जखम भरूनही बोट वाकत नाही आणि पकड जाते.

वृक्षतोडीचे काम २०२५ पर्यंत १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात येत असे. अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली, असे तो कायदा धरत असे. पण ज्याचे पोटच हातावर आहे, त्याचे नुकसान याहून मोठे आहे.

म्हणून धार लावलेली अवजारे, मजबूत हातमोजे आणि प्रथमोपचार पेटी यांची अट पालिकांनी प्रत्येक कंत्राटात घालावी. त्याशिवाय कुणालाही झाडावर चढवू नये.